अल्बेनियात कोणाच्या घरी जाऊन स्वयंपाक शिकायचाय? आधी हे वाचा

ग्रीस किंवा इटलीच्या सहलीला जोडून अल्बेनियाला जाणारे बरेच जण किल्ले, समुद्र आणि डोंगर बघून परत येतात. जेवतात मात्र हॉटेलात. तिथे बहुतेक पास्ता, पिझ्झा आणि ग्रिलवर भाजलेलं मांस मिळतं. या देशाचं खरं जेवण घरांत शिजतं, आणि त्याला कारण आहे. १९९१ मध्ये कम्युनिस्ट राजवट गेली, तोपर्यंत खासगी धंद्याला बंदी होती आणि खाणावळी होत्या त्या सरकारी. पदार्थ टिकवले ते घरातल्या बायकांनी, मिळेल तेवढ्या पिठामिठात. म्हणून मी ओळखीच्या प्रत्येकाला आग्रहानं सांगते, की तिथला एक अख्खा दिवस कोणाच्या तरी स्वयंपाकघरासाठी राखून ठेवा.

असे वर्ग आता तिराना, बेरात, ग्यिरोकास्तर, श्कोदर अशा बऱ्याच गावांत मिळतात. काही कुटुंबं नुसता वर्ग घेतात, काही घरगुती गेस्टहाउसवाले मुक्कामाला जोडून शिकवतात. पण ‘पारंपरिक घरगुती स्वयंपाक’ या नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. कुठे दिवसभर हात पिठात असतात, तर कुठे एप्रन बांधून फोटो काढायचा आणि आयतं जेवून निघायचं, एवढंच. पैसे दोन्हीकडे जवळपास सारखेच पडतात. तेव्हा ठरवण्यापासून परत येऊन घरी करून बघण्यापर्यंत काय काय लक्षात ठेवायचं, ते क्रमानं सांगते.

१. आधी पदार्थ ठरवा, गाव त्यावरून ठरेल

बहुतेक जण आधी हॉटेल बुक करतात आणि मग त्या गावात वर्ग शोधतात. उलटं करा. अल्बेनिया लहान देश आहे, पण उत्तरेचं आणि दक्षिणेचं जेवण बरंच वेगळं.

ब्युरेक देशभर होतं. हातानं लाटलेल्या पातळ पाऱ्यांचे थर, आत पालक, कांदा-टोमॅटो, भोपळा, लीक (जाड पातीच्या कांद्यासारखी भाजी) नाहीतर खिमा, आणि सगळं गोल ताटात घालून भाजलेलं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं हेच शिकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. शाकाहारी माणसालाही चालतं, आणि शिकायचं असतं ते हातांनी, त्यामुळे भाषेवाचून फारसं अडत नाही.

फर्गेस ही तिरानाची खासियत. भाजून सोललेल्या लाल मिरच्या (आपल्या ढोबळी मिरचीच्या जातीच्या, पण लांबट), टोमॅटो आणि ग्यीझ नावाचं खारट, भुरभुरीत ताजं चीज एकत्र शिजवून ओव्हनमध्ये घालतात. भाकरीसारख्या जाड ब्रेडबरोबर खातात. यात कलेजी घातलेला प्रकारही असतो, तेव्हा कुठली फर्गेस ते आधी विचारा.

ताव कोसी एल्बासान गावचं. कोकराचं मांस, थोडा भात, आणि वरून अंडी घुसळलेलं दही ओतून भाजायचं. मटण खाणाऱ्यांनी हे चुकवू नये. दही फाटू न देता फुलवायचं कसं, हे समोर बघितल्याशिवाय कळत नाही.

ग्यिरोकास्तरला गेलात तर चिफ्ची शिका. शिजवलेला भात, अंडी, पुदिना, मीठ, मिरपूड, बास. हे गोळे ज्या तव्यात तळतात तो बघितल्यावर कुठल्याही मराठी बाईला घरची आठवण येईल, कारण तो थेट आपल्या आप्पेपात्रासारखाच आहे. त्याच गावात ओशाफ होतं, म्हणजे सुके अंजीर आणि मेंढीचं दूध यांचं गोड.

उत्तरेच्या डोंगरांत, म्हणजे थेथ आणि त्या भागात, फ्ली करतात. हा पदार्थ धीर बघणारा आहे. पातळ पीठ चमच्यानं ताटात चाकाच्या आऱ्यांसारखं ओतायचं, निखारे ठेवलेलं लोखंडी झाकण वर ठेवून तेवढा थर भाजायचा, साय नाहीतर लोणी लावायचं, मधल्या रिकाम्या जागेत पुढचा थर ओतायचा. असे थरावर थर. तीन-चार तास सहज जातात. या झाकणाला साच म्हणतात. दोन तासांच्या वर्गात कोणी फ्ली शिकवतो म्हणाला तर समजून घ्या, की ती आधीच भाजून ठेवलेली असणार.

कोर्चा भागात लाक्रोर नावाचा, ब्युरेकसारखा सारण भरलेला पदार्थ आहे, तोही पूर्वापार साचखालीच भाजतात. आणि दक्षिणेत पर्मेतला ग्लिको, म्हणजे अख्ख्या फळांचा पाकातला मुरांबा. कोवळ्या हिरव्या अक्रोडाचा सगळ्यात नावाजलेला.

२. महिना कोणता?

मे-जून आणि सप्टेंबर हे सगळ्यात चांगले. मे-जूनमध्ये द्राक्षाची कोवळी पानं मिळतात. त्यात भात भरून यापराक करतात. हिरव्या अक्रोडाचा ग्लिकोही त्याच सुमाराला लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये मिरच्या, वांगी, टोमॅटो ऐन भरात असतात, पण उकाड्यात ओव्हनशेजारी उभं राहायची तयारी हवी आणि गर्दीही असते. वसंतात रानभाज्या आणि नेटल नावाच्या, हाताला झोंबणाऱ्या रानपाल्याचं ब्युरेक, थंडीत भोपळ्याचं आणि लीकचं. थेथचा रस्ता हिवाळ्यात बर्फानं बंद होऊ शकतो, म्हणून फ्लीसाठी थंडीत जाऊ नका.

१४ मार्चला तिथे वसंताचा सण आणि सुट्टी असते. एल्बासानला त्या दिवसासाठी मक्याच्या पिठाची, लोण्याची आणि अंड्यांची बाल्लोकुमे नावाची बिस्किटं घरोघरी होतात. त्या आठवड्यात जाणार असाल तर यजमानांना जरूर विचारा.

३. वर्ग ठरवण्याआधी विचारायचे प्रश्न

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढा भाग तरी वाचा. संदेश पाठवताना संकोच करू नका. खरोखर शिकवणारी बाई या प्रश्नांनी खूश होते.

पहिला प्रश्न: पाऱ्या तिथेच लाटणार की विकतच्या वापरणार? अल्बेनियातही दुकानात तयार पाऱ्यांची पाकिटं मिळतात आणि धावपळीच्या दिवशी तिथल्या गृहिणी सर्रास वापरतात. त्यात गैर काही नाही, पण तुम्ही पाकीट उघडायला शिकायला एवढ्या लांब गेलेला नाही.

दुसरा: एका वेळी किती जण? चार-पाचांपर्यंत ठीक. त्यापुढे गेलं की लाटणं एकाच्या हातात आणि मोबाइल बाकीच्यांच्या.

तिसरा: किती पदार्थ? जाहिरातीत ‘सात पदार्थ’ असं वाचलं की मन भुलतं. अर्ध्या दिवसात सात पदार्थ म्हणजे सहा आधीच झालेले. मी तर म्हणेन, एक पीठ, एक भाजी आणि एक गोड एवढंच मागा आणि ते मुळापासून करायला मिळेल का, ते विचारा. पीठ मळण्यापासून ताट बाहेर येईपर्यंत ब्युरेकलाच अडीच-तीन तास लागतात.

चौथा: जागा घर आहे की हॉटेलचं स्वयंपाकघर? हॉटेलात शिकणं वाईट असं नाही, पण तिथे ओव्हन मोठा, भांडी मोठी, मापं किलोत. घरी येऊन काही उपयोग होत नाही.

पाचवा: बोलणार कोण? खूप ठिकाणी शिकवते आजी आणि दुभाष्याचं काम करते नात किंवा सून. हा सगळ्यात छान प्रकार. तिराना आणि समुद्रकाठच्या गावांत बऱ्याच जणांना इटालियन येतं, तरुणांना इंग्रजी. डोंगरातल्या घरात मात्र अल्बेनियनशिवाय काही नसेल, हे गृहीत धरा.

सहावा: बाजारात सोबत नेणार का? तिरानात पझारी इ री नावाचा बाजार आहे. तिथे यजमानांबरोबर चक्कर मारली तर चीज, ऑलिव्ह, सुकवलेल्या वनस्पती यांची ओळख नीट होते. वर्ग सकाळचा असेल तरच हे जमतं. दुपारच्या वर्गात भाजी आधीच आणलेली असते.

पैशांचं म्हणाल तर गावानुसार आणि वेळेनुसार बराच फरक पडतो. साधारण माणशी ३० ते ६० युरो धरून चला. त्यात जेवण धरलेलं असतं का, दारू वेगळी आहे का, हे लिहून घ्या. गेस्टहाउसमध्ये मुक्काम असेल तर बऱ्याचदा नुसत्या जेवणाच्या पैशात तुम्हाला चुलीपाशी उभं राहू देतात. त्यासाठी आदल्या दिवशी सांगावं लागतं, कारण पीठ सकाळीच मळून होतं.

४. काय खाता आणि काय नाही, ते आधी आणि नेमकं कळवा

नुसतं ‘मी शाकाहारी’ म्हणून भागत नाही. तिथे शाकाहारी म्हणजे अंडं, चीज आणि कधीकधी मासेसुद्धा चालणारा माणूस. भात मांसाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवणं तर रोजचंच, आणि त्यात मांसाचा तुकडा दिसत नाही म्हणून घरच्यांना तो शाकाहारीच वाटतो. म्हणून यादी करून पाठवा: मांस नाही, मासे नाहीत, मांसाचं पाणी नाही, अंडं चालतं किंवा चालत नाही. अंडं न खाणाऱ्यांनी चिफ्ची आणि ताव कोसी सोडून द्यावं. ब्युरेकच्या सारणातलं अंडं वगळता येतं, आधी सांगितलं तर.

कडक शाकाहारी असाल तर आणखी एक गोष्ट. तिथलं पांढरं चीज पूर्वापार पद्धतीत जनावराच्या पोटातल्या विरजणानं घट्ट करतात. ग्यीझ मात्र कित्येक घरांत ताक तापवून, फोडून, गाळून करतात. तशी घरची ग्यीझ मिळेल का, ते विचारा.

मटण खाता पण गाईगुरांचं मांस खात नाही, असे आपल्याकडे खूप जण आहेत. तिथे खिमा म्हटलं की बहुधा वासराचा किंवा गाईचा. वासराच्या मांसाला विच म्हणतात, कोकराच्या मांसाला चेंग्य. डुकराचं मांस म्हणजे देर्र. हे तीन शब्द पाठ करून जा.

‘नुक हा मिश’ म्हणजे मी मांस खात नाही. ‘पा मिश’ म्हणजे मांसाशिवाय. अॅलर्जी असेल तर मात्र तोंडी बोलण्यावर राहू नका. अल्बेनियनमध्ये लिहून, छापून न्या आणि घरात शिरल्या शिरल्या हातात द्या. अक्रोड तिथे सगळीकडे असतो, विशेषतः गोडात.

यजमानांना भलती अडचण होईल म्हणून गप्प बसू नका. पाहुण्यासमोर त्याला न चालणारा पदार्थ ठेवला गेला तर तिथल्या माणसाला खरोखर वाईट वाटतं. आधी कळलं तर तीच बाई तुमच्यासाठी चार वेगळे पदार्थ करून ठेवते.

५. व्हिसा, पैसे, कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर अल्बेनियाला व्हिसा लागतो आणि त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. ज्यांच्याकडे शेंगेन (म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा), अमेरिका किंवा ब्रिटनचा मुदतीत असलेला, अनेक प्रवेशांचा आणि आधी एकदा वापरलेला व्हिसा आहे, किंवा तिथला राहण्याचा परवाना आहे, त्यांना वेगळ्या व्हिसाशिवाय ९० दिवसांपर्यंत जाता येतं. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी अल्बेनियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर एकदा बघाच.

इथे एक सापळा आहे. अल्बेनिया शेंगेनमध्ये नाही. ग्रीसच्या कोर्फू बेटावरून फेरीबोटीनं सारांदला गेलात, की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात. एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असेल तर परत ग्रीसमध्ये येता येणार नाही. सहल ग्रीसपासून सुरू करून ग्रीसमध्येच संपवणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

मुंबईहून थेट विमान नाही. इस्तंबूलवरून किंवा युरोपातल्या एखाद्या शहरावरून तिरानाला जायचं. विमानतळाला मदर तेरेसांचं नाव आहे, आणि भारतातून आलो म्हटलं की टॅक्सीवाल्यापासून यजमान आजीपर्यंत बरेच जण पहिल्यांदा त्यांचंच नाव घेतात.

चलन लेक. एका युरोला साधारण १०० लेक असा हिशेब डोक्यात ठेवला तर सोपं जातं. पण बाजारात कान उघडे ठेवा. १९६५ मध्ये चलनातलं एक शून्य कमी केलं गेलं, तरी लोक अजून जुन्या लेकमध्ये बोलतात. भाजीवाली हजार म्हणाली तर तिला शंभर हवे असतात. फसवणूक वगैरे काही नसते, सवय असते. शंका आली तर नोट दाखवून विचारा.

वर्गाचे पैसे बहुतेक ठिकाणी रोख द्यावे लागतात, लेकमध्ये किंवा युरोत. एटीएम परदेशी कार्डावर बऱ्यापैकी शुल्क लावतात, म्हणून थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदम काढा. उरलेले लेक देश सोडण्याआधी खर्च करा किंवा बदलून घ्या. बाहेर ते बदलून मिळणं अवघड.

जवळ ठेवायचे कागद:

- पासपोर्ट, व्हिसा (किंवा शेंगेन वगैरे व्हिसाची छापील प्रत) आणि प्रवास विमा
- यजमानांचा पत्ता, फोन आणि नकाशावरची जागा, मोबाइलमध्ये ऑफलाइन जपून
- खाण्याच्या पथ्यांची अल्बेनियनमध्ये छापलेली चिठ्ठी
- वर्गाच्या वेळेचा, पैशांचा आणि पदार्थांचा झालेला लेखी संवाद

युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक सूचना. युरोपीय संघाचं रोमिंग तिथे आपोआप लागू होत नाही. उतरल्यावर स्थानिक सिम घ्या.

६. सोबत काय न्यायचं

लहान वजनकाटा जरूर न्या. हे वाचून विचित्र वाटेल, पण तिथल्या बायका सगळं अंदाजानं घेतात. ‘किती पीठ?’ विचारलं तर ‘जेवढं पाणी पिईल तेवढं’ असं उत्तर येतं. त्यांनी पीठ परातीत घेतलं की आधी वजन करून लिहून ठेवायचं. त्यांनाही त्याची गंमत वाटते.

बाकी एक वही, मऊ तळव्याचे न घसरणारे बूट आणि बाह्या वर सारता येतील असे कपडे. बूट म्हटलं कारण बेरातचा किल्ल्यातला भाग, जिथे आजही लोक राहतात, आणि ग्यिरोकास्तरच्या जुन्या गल्ल्या या दोन्ही दगडी आणि चढाच्या आहेत. पाऊस पडला की पाय ठरत नाही.

भेट म्हणून काहीतरी छोटं न्यावं. चिक्कीचं पाकीट किंवा बंद डब्यातली वेलची पुरेशी आहे.

७. घरात पाऊल टाकल्यावर

चपला-बूट दारात काढा. घरातल्या सपाता पुढे येतील, त्या घाला. लगेच स्वयंपाकघरात घुसू नका. आधी बसवतील, तुर्की पद्धतीची कॉफी देतील, सोबत ग्लिकोची वाटी किंवा गोळी. साखर किती, ते आधी विचारतात. पाहुणचार हा तिथे वेळ घालवण्याचा प्रकार नाही, तो घरच्यांच्या इभ्रतीचा प्रश्न असतो. तेव्हा घड्याळ बघत बसू नका.

राकी नावाची फळांची दारू सकाळीसुद्धा पुढे येईल. नको असेल तर उजवा हात छातीवर ठेवून हसून ‘फालेमिंदेरित’, म्हणजे धन्यवाद, म्हणा. एवढ्यानं भागतं.

मानेकडे लक्ष द्या. अल्बेनियात जुन्या वळणाची माणसं होकाराला मान आडवी हलवतात आणि नकाराला भुवया उंचावून मान वर झटकतात. आपल्याकडेही होकाराची मान आडवी डोलतेच, त्यामुळे आपल्याला हे लवकर जमेल असं वाटतं, पण नकाराला गोंधळ होतो. ‘अजून पाणी घालू?’ असं तुम्ही खुणेनं विचारलं, तिनं मान वर केली आणि तुम्ही ओतलंत, की पीठ गेलं. ‘पो’ म्हणजे हो, ‘यो’ म्हणजे नाही. तोंडानं विचारा.

८. ओट्यापाशी

ब्युरेक शिकताय असं धरून सांगते, कारण पोळ्या लाटणाऱ्यांना इथेच सगळ्यात जास्त नवं शिकायला मिळतं आणि इथेच जुनी सवय आड येते.

लाटणं वेगळं असतं. ओक्लाई म्हणतात. काठीसारखं बारीक आणि हातभर लांब, दोन्ही टोकांना मुठी नाहीत. पोळपाट नसतो, मोठा फळा किंवा लाकडी टेबल असतं. बेरातला मी ज्यांच्याकडे शिकले त्या आजींनी पिठाचा लिंबाएवढा गोळा घेतला, बशीएवढा लाटला, वर मक्याचं स्टार्च भुरभुरवलं, आणि पारी ओक्लाईभोवती पूर्ण गुंडाळली. मग दोन्ही तळवे मधोमध ठेवून ती गुंडाळी पुढे-मागे फिरवताना हात बाहेरच्या टोकांकडे सरकत गेले. दाब अगदी हलका. चार वेळा पुढे-मागे, उलगडली, पाव वळसा फिरवली, पुन्हा गुंडाळली. तीन-चार फेऱ्यांत पारी टेबलाच्या कडेवरून खाली लोंबायला लागली आणि तिच्यातून टेबलावरच्या लाकडाच्या रेषा दिसत होत्या.

आपण पोळी लाटताना वरून दाबतो आणि कडेला जोर देतो. इथे तसं केलं की पारी काठीलाच चिकटते. दाबायचं नाही, तळव्यांनी ताणत न्यायचं. आजी माझे हात धरून बाजूला ओढत होत्या, तेव्हा ते मला कळलं. तुम्हीही लाजू नका, त्यांना हात धरायला सांगा.

प्रमाण असं बसतं: ५०० ग्रॅम मैदा, साधारण २८० ते ३०० मिलिलिटर कोमट पाणी, एक चमचा मीठ, दोन मोठे चमचे तेल. चांगलं दहा मिनिटं मळायचं. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि कानाच्या पाळीइतकं मऊ झालं पाहिजे. झाकून कमीत कमी अर्धा तास, जमलं तर तासभर ठेवायचं. घाई इथे करू नका, न मुरलेलं पीठ ताणलं की फाटतं.

नवख्यांसाठी सोपी युक्तीही शिकवतात. पाच-सहा लहान पुऱ्या लाटायच्या, प्रत्येकीला तेल किंवा वितळलेलं लोणी लावून एकावर एक रचायच्या आणि ती चवड एकत्र मोठी लाटायची. भाजल्यावर थर आपोआप सुटतात. वेळ कमी असेल तर हीच पद्धत शिकवायला सांगा. घरी हीच होते.

ताट तेलानं माखायचं. खालच्या पाऱ्या ताटाबाहेर लोंबतील अशा अंथरायच्या आणि प्रत्येकीवर तेल शिंपडायचं. पालक चिरून, मीठ लावून, घट्ट पिळलेला असावा. पाणी राहिलं तर तळ कच्चा राहतो, हा या पदार्थातला सगळ्यात सर्रास होणारा घोटाळा. ५०० ग्रॅम पालकाला २५० ग्रॅम ग्यीझ आणि दोन अंडी. वर पुन्हा पाऱ्या, आणि खाली लोंबणारे काठ आत वळवून दोरीसारखी कड करायची. २०० अंशांवर ४०-४५ मिनिटं. बाहेर काढल्यावर वर थोडं पाणी शिंपडून कापडानं पाच-दहा मिनिटं झाकतात. वरचा थर कडक न राहता नरम होतो. कुरकुरीत आवडत असेल तर हे शिंपडणं वगळा. तिथेही यावर घराघरात मतभेद आहेत.

फोटोबद्दल एवढंच, की हातांचा व्हिडिओ घ्या. चेहऱ्याचा घ्यायचा तर आधी विचारा, आणि घरचे लोक दिसत असतील तर परवानगीशिवाय कुठे टाकू नका.

वर्गाच्या आधी गावातल्या एखाद्या ब्युरेकच्या दुकानातून एक तुकडा खाऊन ठेवा. सकाळी गरम असतं आणि स्वस्त असतं. दुकानातलं आणि घरचं यांत काय फरक आहे, हे जिभेला कळलं की प्रश्न चांगले सुचतात.

९. जेवायला बसल्यावर

तुम्ही केलेलं ताट मधोमध येतं आणि त्याच्याभोवती बाकीचं: काकडी-टोमॅटो, पांढरं चीज, ऑलिव्ह, लोणच्यातल्या मिरच्या, दही. धाल आली तर नक्की घ्या, ते आपलं ताकच आहे, फक्त जिरं-हिंगाशिवाय. ब्युरेकबरोबर तेच सगळ्यात छान लागतं.

पहिल्या वाढणीत पोट भरू नका. ताट रिकामं दिसलं की पुन्हा वाढलं जातं. शिकवणाऱ्या बाईंना ‘त लुमशिन दुआर्त’ म्हणा. हाताला यश येवो अशा अर्थाचं हे वाक्य स्वयंपाक करणाऱ्याला म्हणतात, आणि परक्या माणसाच्या तोंडून ऐकलं की घरातले सगळे खूश होतात. पैसे जेवणानंतर, बाजूला घेऊन, पाकिटात द्यावेत. ताटावर नोटा मोजणं त्यांना आवडत नाही. टिपची सक्ती नाही, पण दुभाष्याचं काम करणाऱ्या मुलीला वेगळं काहीतरी दिलंत तर चांगलंच.

१०. घरी परत आल्यावर

ओक्लाई तिथल्या बाजारात मिळते. ती घेतलीत तर मोठ्या बॅगेत, चेक-इनमध्ये टाका, हातातल्या सामानात अडवतील. चीज आणू नका. इथे पर्याय आहे.

ग्यीझसाठी आंबट ताक मंद आचेवर तापवा, फुटलं की कापडात बांधून टांगा आणि मीठ लावा. पनीरनं तो आंबटपणा येत नाही. ताव कोसीला दही म्हशीच्या दुधाचं, रात्रभर टांगलेलं घ्या. पातळ दह्यानं ते फाटतं. फर्गेससाठी लाल ढोबळी मिरची गॅसवर थेट भाजून, पाच मिनिटं झाकून मग सोला. पीठ भारतातल्या मैद्याचं कराल तर पाणी आधी २५० मिलिलिटरच घाला आणि लागेल तसं वाढवा, कारण मैदा ब्रँडनुसार कमी-जास्त पाणी पितो. गव्हाच्या कणकेत पारी तेवढी ताणत नाही. चवीसाठी पाव भाग कणीक घालायला हरकत नाही.

चिफ्ची तर परत आल्या आल्या करता येईल. भात बासमतीचा नको, मोकळा राहतो. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर घ्या. एक वाटी तांदळाचा भात पूर्ण गार करा, तीन अंडी, मूठभर चिरलेला पुदिना, मीठ आणि भरपूर मिरपूड. हिरवी मिरची घालायचा मोह होईल, पहिल्या वेळी टाळा. आप्पेपात्राच्या वाट्यांत तेल चांगलं तापू द्या आणि मिश्रण काठोकाठ भरा. खालची बाजू सोनेरी झाली की काट्यानं उलटा. थंड तेलात घातलं तर ते तळाला धरतं.